खाऱ्या वाऱ्यातलं फर्निचर

मांडव्याची रो-रो मार्च 2020 मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, आणि अलिबाग मुंबईला आणखी जवळ आलं. किहीम, आवास, सासवणे, वरसोली, नागाव, चौल, कुठंही जा, नारळी-पोफळीच्या वाड्यांत नवी घरं उभी राहताना दिसतात. इथली जुनी कुटुंबंही कौलारू घरं उतरवून स्लॅबची बांधत आहेत. सिमेंट कुठलं, सळई कुठली, याची चौकशी दहा ठिकाणी होते. फर्निचरची पाळी येते तेव्हा मात्र पैसा आणि उत्साह दोन्ही सरत आलेले असतात. मग मोबाइलवरचा फोटो मिस्त्रींपुढे धरून ‘अस्संच करा’ म्हटलं जातं, नाहीतर मुंबईच्या शोरूममधलं सामान टेम्पोत भरून आणलं जातं.

त्याचं काय होतं ते पाहायचं असेल, तर अशा घरातलं सिंकखालचं कपाट दुसऱ्या पावसाळ्यानंतर उघडून बघा. दाराच्या आतल्या अंगाला बिजागरीची गोल वाटी बसवलेली असते. तिच्या कडेनं तांबडी रेघ आलेली असते आणि तिची पूड खालच्या फळीवर पडलेली असते. दाराचा खालचा कोपरा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा फुगलेला असतो आणि सनमायकाची पट्टी तिथून सुटून बाहेर आलेली असते. बाकी दार वरून नवंकोरं दिसतं. सामान वाईट नव्हतं, मिस्त्रींचा हातही वाईट नव्हता. ते कपाट दुसऱ्या हवेसाठी बनलेलं होतं, इतकंच.

तेव्हा अलिबागेत फर्निचर ठरवताना पहिला प्रश्न शैलीचा नसावा. इथल्या चार महिन्यांच्या पावसात आणि बारा महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्यात काय तगेल, हे आधी ठरवायचं. शैली त्यातून बरीचशी आपोआप ठरते, आणि माझ्या मते ती अधिक देखणीही ठरते.

पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता 85 ते 90 टक्क्यांच्या घरात राहते. लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. 12 टक्के ओलाव्याचं म्हणून आणलेलं लाकूड जुलै-ऑगस्टात 17-18 टक्क्यांवर जातं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं. फूटभर रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकानं साधारण एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर वाढू शकते. चार फूट रुंद टेबलाचा माथा अखंड फळ्यांचा असेल, तर हिशेब तुम्हीच करा. असा माथा खालच्या चौकटीला खिळ्यांनी आणि गोंदानं जखडला की तो वाकतो नाहीतर तडकतो. म्हणून चौकटीत लांबट भोकं पाडून त्यांतून स्क्रू घ्यायला सांगा. लाकडाला सरकायला जागा मिळते. अखंड लाकडाचं दार हवं असेल तर चौकट आणि तिच्या खाचेत सुटं बसवलेलं पॅनल, अशा जुन्या पद्धतीनंच करून घ्या. आपल्या वाडवडिलांच्या घरांची दारं सपाट नसायची, त्यामागं नक्षीची हौस होती तसं हेही कारण होतं. आणखी एक बारीक गोष्ट फार जण विसरतात. फळीच्या दोन्ही अंगांना सारखंच पॉलिश द्यायचं. दिसणारी बाजू चकचकीत आणि मागची कोरी ठेवली, तर मागून ओलावा शिरतो आणि फळी वाटीसारखी वळते.

शनिवार-रविवारच्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. रोज वापरातलं घर झाडलं-पुसलं जातं, चूल पेटते, खिडक्या उघडतात. बंद घरात ओल कोंडते आणि गणपतीला दार उघडलं की आधी बुरशीचा वास येतो. अशा घरात पाठ बंद असलेली, भिंतीला चिकटवलेली, जमिनीपर्यंत आलेली कपाटं शक्यतो करूच नयेत. भिंतीपासून दोन इंच अंतर, खाली पाय, दारांना जाळी किंवा पट्ट्या एवढं केलं तरी आतली हवा खेळती राहते. डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला यांनी किडे दूर राहतील, ओल नाही जायची. पावसानं उघडीप दिली की कुणीतरी येऊन खिडक्या आणि कपाटांची दारं दोन तास उघडी ठेवील, अशी व्यवस्था वाडी सांभाळणाऱ्या माणसाशी बोलून करा आणि त्याचे पैसे वेगळे द्या.

आता लाकूड. सागवान पहिल्या नंबरावर आहे आणि ते योग्यच आहे. पण ‘सागाचं’ एवढं ऐकून थांबू नका. सागाची ताकद त्याच्या गाभ्यात असते. गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी लांब राहतात. कडेच्या पांढुरक्या लाकडाला हे संरक्षण नसतं, आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हे पांढरं लाकूड बरंच असतं. फळी कापलेली असतानाच, पॉलिशच्या आधी, स्वतः जाऊन बघा. पांढरा पट्टा असलेल्या फळ्या आतल्या खणांना चालतील, पलंगाच्या पायांना नाही.

जवळच्या झाडांकडेही बघा. फणसाचं पिवळंधमक लाकूड कोकणात देव्हाऱ्यापासून खांबांपर्यंत वापरलं गेलं. वाळवीला ते सहज बळी पडत नाही आणि वर्षांमागून वर्षं त्याचा रंग मधाळ होत जातो. शिवण हलकी, फारशी न वाकणारी. खणांना आणि पॅनलांना उत्तम. ऐन जड, चिवट, कामाला कठीण, पण खांब-तुळयांना पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. त्यात लोखंडी खिळा ठोकलात तर भोवती काळा डाग धरेल. आंब्याचं फर्निचर हल्ली ऑनलाइन खूप विकलं जातं. रेषा सुंदर असतात, पण त्याला भुंगा लागतो, त्यामुळे बोरॅक्सची प्रक्रिया झालेलं असेल तरच आणि घराच्या आतच ते वापरा. जुन्या नारळाच्या खोडाची बाहेरची कड घट्ट असते, आतला भाग भुसभुशीत. कडेचं लाकूड वेगळं काढून देणारा कारागीर मिळाला तर बाकं छान होतात. सुरूच्या मागे लागू नका, ते फार तडकतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्याला लागलं. आंबे, फणस, सुरू, नारळ वाडीच्या वाडी आडव्या झाल्या. त्यातलं पुष्कळ लाकूड सरपणात गेलं, याची मला आजही हळहळ वाटते. तुमच्या वाडीत पडलेलं झाड असेल तर ते चिरण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 खाली साग, आंबा, फणस, ऐन अशी झाडं येतात. ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड हलवायचं तर त्याचे कागदही लागतात. वखारीतून घेतानाही पावती घ्याच. चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवायच्या आणि एक हिवाळा-उन्हाळा तरी वाळू द्यायच्या. घाई केली तर पुढं सांधे उघडतात.

घाई असेल त्यांनी जुनं लाकूड घ्यावं. गिरगाव-परळच्या चाळी पाडल्या जातात तेव्हा बर्मा टीकच्या तुळया, दारं, कठडे निघतात, आणि जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात असला माल येतो. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं लाकूड जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. आतले खिळे काढून घेणं आणि टोकानं टोचून पोकळ भाग शोधणं, एवढं काम आधी करावं लागतं.

प्लायवूडशिवाय हल्लीचं घर होत नाही, तेव्हा तिथं नीट लक्ष द्या. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार सैल वापरतात. साधं एमआर प्लाय दमटपणा थोडाफार सोसतं, इतकंच. आयएस 303 मधलं बीडब्ल्यूआर त्याहून बरं. मरीन म्हणतात ते आयएस 710 चं, ज्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. स्वयंपाकघर, बाथरूमलगतच्या भिंती आणि तळमजल्यावरची सगळी कपाटं यांना 710 च घ्या. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत बीडब्ल्यूआर चालून जाईल. प्रत्येक शीटवर आयएसआयचा छाप आणि परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून दुकानातच तपासता येतो. शीटची कड बघा, आतल्या थरांत फटी दिसल्या तर परत करा.

मरीन प्लाय आणलं म्हणजे काम झालं असंही नाही. गोंद उकळत्या पाण्याला टिकला तरी कापलेल्या कडेतून थरांमध्ये ओल शिरतेच. वर सांगितलेला फुगलेला कोपरा तिथूनच सुरू होतो, कारण दाराची खालची कड कुणाला दिसत नाही आणि म्हणून ती कोरी राहते. सहाही बाजू, बिजागरीसाठी पाडलेलं भोकसुद्धा, प्रायमरनं किंवा पाण्याला टिकणाऱ्या गोंदानं बंद करून घ्या. काम चालू असताना उकिडवं बसून हे स्वतः पाहिलं पाहिजे. पार्टिकल बोर्ड आणि साधं एमडीएफ अलिबागेत आणूच नका, भाव कितीही चांगला मिळाला तरी. सिंकखाली डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचा) बोर्ड चालतो, तो कुजत नाही. लांब फळीला मात्र वापरू नका, मधोमध झोल धरतो आणि स्क्रूही प्लायइतका घट्ट धरत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय तर आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतच आहे. ओट्याखाली कडाप्प्याचे उभे-आडवे खण करायचे आणि पुढं नुसती दारं लावायची. आत प्लायच नाही, तर फुगणार काय? बैठकीच्या खोलीतही खिडकीलगत बांधीव कट्टा, वर आयपीएसची, म्हणजे घोटलेल्या सिमेंटची, गुळगुळीत पाठ आणि धुता येईल अशी गादी केली, तर सोफ्याचा मोठा खर्च वाचतो. वादळात छप्पर उडून पाऊस आत आला, तरी अशा कट्ट्याचं काही बिघडत नाही.

धातूच्या बाबतीत अलिबागेतच एक नामी उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं काम 1904 मध्ये इथं आणलं. उपकरणांच्या इमारतींत लोखंड येऊन चालणार नव्हतं, म्हणून पारखून घेतलेला पोरबंदरचा दगड आणि तांब्या-पितळेचं सामान वापरलं. कारण चुंबकाचं होतं, गंजाचं नव्हे; पण लोखंडावाचून पक्कं बांधकाम आणि बिजागऱ्या-कड्या होऊ शकतात, हे त्यावरून कळतं. घरातही दर्शनी कड्या, कोयंडे, मुठी पितळेच्या घ्या. त्या काळवंडतील, चिंच लावून घासल्या की पुन्हा उजळतील. मऊ बंद होणाऱ्या बिजागऱ्या आणि खणांच्या टेलिस्कोपिक चॅनल हे खरं दुखणं. बहुतेक लोखंडाच्या असतात आणि वर निकेलचा किंवा जस्ताचा पातळ मुलामा असतो. स्टेनलेसच्या मागा, मिळाल्या नाहीत तर खण लाकडी पट्ट्यांवर चालवा आणि वर्षातून एकदा मेण फिरवा.

स्टेनलेसमध्येही फरक आहे. नेहमीच्या 304 वर समुद्राकाठी तपकिरी ठिपके येतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त दाद देत नाही. वरसोली-किहीमला लाटांच्या आवाजात घर असेल तर बाहेरच्या सगळ्या कामाला 316. पोयनाड-रामराजकडे आत असाल तर 304 पुरे. दोन्ही गोड्या पाण्यानं अधूनमधून पुसायलाच हवीत. लोखंडी टेबल-खुर्च्या करायच्याच असतील तर वेल्डिंग आणि भोकं सगळं झाल्यावर गॅल्व्हनाइज करून घ्या, मग रंग. नुसत्या लोखंडावर पावडर कोटिंग केलं की वेल्डच्या सांध्यापासून पापुद्रे निघतात.

झोपाळा हवाच असतो सगळ्यांना. दीड इंच जाडीचा सागाचा पाट, जमिनीपासून अठरा इंचांवर, पितळी कड्या. याहून देखणी वस्तू दिवाणखान्यात येत नाही. कड्या सगळे निरखतात, वरचा हूक कुणी बघत नाही. तो लोखंडाचा असला तर स्लॅबच्या तोंडाशी आतून झिजत जातो, वरचा रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस भार पेलत नाही. हूक स्टेनलेसचा बसवा आणि दर दसऱ्याला शिडी लावून बघा.

आता शैलीकडे येऊ. मासिकांत सध्या इंडस्ट्रियल, स्कँडिनेव्हियन, जपांडी अशी नावं दिसतात. इंडस्ट्रियल म्हणजे उघडं काळं लोखंड. ते इथं कसं होईल हे वर आलंच. स्कँडिनेव्हियन आणि जपांडीचा हलका बांधा, कमी सामान, मोकळी जमीन हे सगळं घ्या. त्यांचं फिकट पाइन मात्र घेऊ नका, त्यावर निळसर-काळी बुरशी धरते. तोच आराखडा फणसात किंवा शिवणीत करा. शिसवी, जड, जमिनीला टेकलेले कोरीव सोफे बंद घरात आतून ओल धरतात, त्यांचा मोह टाळलेला बरा.

माझ्या मते या किनाऱ्याला सगळ्यात जवळची आधुनिक शैली चंदीगडची आहे. वास्तुविशारद पिएर जानरे यांनी 1950 च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेतविणीच्या खुर्च्या आखल्या. ते गाव समुद्रकाठचं नव्हे, तरी तिरकस जाड पाय, मोकळी विणलेली पाठ, गादीचा भार नाही, हे सगळं आपल्या हवेला चपखल बसतं. कुठल्याही चांगल्या मिस्त्रींना ती खुर्ची करता येते आणि वेत सैल झाला तर पुन्हा विणता येतो. दुसरं उदाहरण तर थेट समुद्रकाठचं, पुदुचेरीतलं. अरविंद आश्रमाचं गोलकोंडे हे वसतिगृह अँटोनिन रेमंड यांनी आखलं आणि 1937 नंतरच्या वर्षांत ते बांधलं गेलं. जॉर्ज नाकाशिमा त्या कामावर होते, फर्निचरही त्यांचंच. खोल्यांना सागाच्या पट्ट्यांची सरकती दारं आहेत, दार लावलं तरी वारा आत येतो.

इथल्या मातीतलं उदाहरण हवं तर वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचं काम पाहावं. सुतार-गवंड्यांना सोबत घेऊन अलिबागेतून वर्षानुवर्षं काम केलेली ही संस्था. दक्षिणेला नांदगावच्या नारळाच्या वाडीत 2007 मध्ये त्यांनी पाल्मायरा हाउस उभारलं. आगा खान पुरस्काराच्या 2010 च्या अंतिम यादीत ते होतं. सांगाडा ऐनाचा, सांधे एकमेकांत गुंतवलेले, आणि बाहेरून ताडाच्या खोडातून काढलेल्या पट्ट्यांच्या झिलमिली. एवढं मोठं घर आपण बांधणार नाही, पण कपाटाच्या दाराला तशाच पट्ट्या लावणं कुणालाही जमण्यासारखं आहे. कपडे कोंदट होत नाहीत आणि दुपारचं ऊन पट्ट्यांतून पडतं तेव्हा खोली सुरेख दिसते.

बांबू घ्यायचा तर प्रक्रिया केलेलाच. कुडाळची कोनबॅक ही संस्था बांबूचं फर्निचर करते. रेक्झिन आणि नकली चामडं टाळा, दमट हवेत त्याचे पोपडे निघतात. सोफ्याच्या गाद्यांना चेन असलेले सुती अभ्रे हवेत, म्हणजे काढून धुता येतील आणि गाद्या उन्हात टाकता येतील.

पॉलिशचं एकच सांगतो. ओटीवर, गच्चीवर, बागेत ठेवायच्या लाकडावर पीयूचा काचेसारखा थर नको. उन्हानं त्याला बारीक चिरा पडतात, पाणी खाली शिरतं आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. तेल द्या. जवसाचं उकळलेलं तेल दरवर्षी मृगाआधी फडक्यानं चोळलं की पुरतं, ते घरची माणसंही करू शकतात. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

काम दिवाळीनंतर सुरू करा. लाकूड आणून निदान काही आठवडे त्याच घरात पडू द्या, मग मिस्त्रींना बसवा. माघ-फाल्गुनापर्यंत सगळं उभं राहतं. त्या कोरड्या दिवसांत दारं अगदी घट्ट बसवली तर जुलैत ती उघडणार नाहीत, म्हणून चोहीकडून फट ठेवायला सांगा. अंदाजपत्रकात लाकडाची जात, प्लायचा आयएस क्रमांक, बिजागऱ्यांचा धातू आणि ‘सर्व कडा बंद’ एवढं लिहून घ्या. शेवटचा हप्ता गणपतीनंतर द्यायचा, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं ठरवा. तोवर पहिला पाऊस होऊन गेलेला असतो. अडणारी दारं, फुगलेला खण, गंजलेला स्क्रू, काय असेल ते समोर आलेलं असतं. मिस्त्रींनी एक दिवस येऊन रंधा फिरवून जायचं, आणि त्या दिवसाची मजुरी तुम्ही वेगळी द्यायची.